गुरंचोराची पोरं

पाऊस मुरून उतारावरची माती मऊ झाली की डोंगरावरच्या वायराकांचा गावात पडीक रानं फोडायची एकच घाई उडते. तेवढे आठवडे साधले तर साधले. नंतर तीच जमीन अशी आवळून येते की पायनांगराचा फाळ तिच्यावरून ठणकन् उडावा. त्या घाईच्या दिवसांत, फेब्रुवारीत, कार्निवलच्या सणाच्या थोडं आधी, कुस्को शहरातून एक बाई गावच्या बैठकीला आली.

तिच्या बुटांना घोट्यापर्यंत चिखल होता. डोंगर चढून आल्यानं तिला नीट बोलता येत नव्हतं. ती चर्चच्या संस्थेकडून आली होती. "ज्यांचे आईवडील दोघंही तुरुंगात आहेत अशा दोन मुली तुमच्या गावात एकट्या राहतात," ती म्हणाली. "त्यांना पोसा, असं मी म्हणत नाही. आठवड्यातून एकदा कुणी मोठ्या माणसानं त्यांच्याकडे जावं, काय चाललंय विचारावं, चार गोष्टी शिकवाव्यात. महिन्यातून एकदा त्यांना आईकडे आणावं. ट्रकचं भाडं आम्ही देऊ."

बैठकीत कुणी हललं नाही. पुरुषांच्या गालात कोकाच्या पानांचे गोळे होते, ते तेवढे इकडचे तिकडे झाले. रुफिनोच्या पोरींबद्दल बोलणं चाललंय हे सगळ्यांना कळलं होतं. रुफिनोनं डोंगरापलीकडच्या दोघांना हाताशी धरून गावातलीच गुरं चोरली होती. म्हाताऱ्या सेल्सोचे दोन बैल गेले, सेवेरिनाची तांबडी गाभण गाय गेली. बायको ग्रेगोरिया मांस सुकवून लांबच्या बाजारात विकत होती. रुफिनोच्या गोठ्यामागं कातडी पुरलेली सापडली, तेव्हा गावानं त्याला प्रार्थनाघरासमोर चाबकानं फोडलं आणि मग दोघांना पोलिसांच्या ताब्यात दिलं.

सेवेरिना बायकांच्या घोळक्यात बसून लोकर कातत होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा लिमाला गेला तो तिकडचाच झालेला. आपल्याकडे कुणी बघू नये म्हणून ती चातीवरून नजर काढत नव्हती.

"सेवेरिनाबाईचं घर जवळ हाय," गावचा अध्यक्ष एवारिस्तो म्हणाला. "मधी नुसता ओढा."

मागून कुणीतरी ओरडलं, "गाय तर गेलीच, आता वासरं सांभाळा म्हणावं!"

सगळी बैठक हसली. कुस्कोच्या बाईला काय झालं ते कळलं नाही, तीही ओशाळून थोडी हसली. सेवेरिनाची मान तापली. हातातली चाती थांबली.

"सांभाळीन की," ती उठून म्हणाली. "तुमच्यापैकी कुणाच्यात दम दिसत न्हाई."

घरी पोचेपर्यंत तिला त्याचा पस्तावा झाला होता.

पुढच्या रविवारी ती ओढा ओलांडून गेली. रिकाम्या हातानं जायचं म्हणून निघाली, पण अर्ध्या वाटेवरून परत आली आणि ओच्यात उकडलेले बटाटे बांधून घेतले. रुफिनोच्या घराचं गवती छप्पर एका बाजूनं खचलं होतं. दार आतून लावलेलं. घराच्या मागून एक लहानगी कोंबडी काखेत मारून आली. ती सुली, पाच-सहा वर्षांची.

"गाय गेली ती तुमचीच का?" तिनं विचारलं.

दार उघडलं. थोरली नील्दा उंबऱ्यात येऊन उभी राहिली. तेरा वर्षांची पोर, पण बापाचा रुंद जबडा, बापाचीच खाली बघून बोलायची लकब.

"बटाटे नकोत आमाला," ती म्हणाली.

"बरं."

"तुमची गाय आमी खाल्ली. मी बी खाल्ली. आई म्हणली बाजारातनं आणलंय मांस, पर मला ठावं होतं. तांबडं कातडं मी बगितलं हुतं."

सेवेरिना उभीच राहिली. कोर्टात सेवेरिनानं साक्ष दिली तरी रुफिनो नाही म्हणाला होता, ग्रेगोरिया नाही म्हणाली होती, त्यांचा वकीलसुद्धा मान हलवत नाही नाहीच म्हणाला होता. त्या घरातल्या एका तरी माणसानं तोंडानं हे कबूल करावं, म्हणून ती दोन वर्षं आतल्या आत धुमसत होती.

"कशी लागली?" तिच्या तोंडून निघून गेलं.

नील्दानं पहिल्यांदा वर पाहिलं. "चिवट."

"म्हातारीच हुती ती. गाभण ऱ्हायली तेच नवल."

"मला आवडली," सुली म्हणाली.

नील्दानं तिच्या डोक्यात एक टोला हाणला. सेवेरिनानं खालचा ओठ दातात धरला. हसू येतंय की रडू, तिचं तिलाच कळेना. बटाटे उंबऱ्यावर ठेवून ती मागं न बघता ओढ्याकडं चालू लागली.

आठवड्यातून एकदा म्हणता म्हणता ती दोनदा जाऊ लागली, मग सवड मिळेल तेव्हा. सेवेरिना काही गोड बोलणारी बाई नव्हती. छप्पर खचलेलं दिसलं तेव्हा ती नील्दाला घेऊन वरच्या माळावर गेली आणि गवत कसं कापायचं, पेंढी कशी पिळायची ते दाखवलं. पहिली पेंढी सैल झाली म्हणून तिनं ती सोडायला लावली. दुसरीही सोडायला लावली. नील्दा चिडून म्हणाली, "तुमीच करा मग." सेवेरिना म्हणाली, "माझ्या डोक्यावर हाय माझं छप्पर," आणि दगडावर बसून लोकर कातत राहिली. संध्याकाळपर्यंत छपराची ती बाजू उभी राहिली. वाकडीच होती, पण गळत नव्हती.

एकदा तिला कळलं की नील्दानं शाळा सोडलीय.

"का गं?"

सुलीनंच सांगून टाकलं, "ही वर्गात गेली की पोरं हंबरत्यात. हम्मा करत्यात सगळी."

सेवेरिना बराच वेळ सुलीच्या डोक्यातल्या उवा काढत राहिली. मग म्हणाली, "गुरं हंबरली तर तू काय करतीस?"

"कोण, मी? काय न्हाई," नील्दा म्हणाली.

"मग झालं तर."

सोमवारी नील्दा शाळेत गेली. पोरं हंबरली. ती आपल्या बाकावर जाऊन बसली. पुढं काही दिवसांनी एकटा एवारिस्तोचा नातू तेवढा हंबरायचा, आणि एकट्यानं हंबरण्यात त्यालाही मजा येईना.

पण खरी अडचण रानाची होती. वायराकांचात जमीन गावाची असते. जो कसतो त्याची ती. दोन हंगाम फाळ लागला नाही की गाव ती दुसऱ्याला देतं. रुफिनोचं ओढ्यालगतचं रान दोन हंगाम पडीक होतं. ईस्टरपर्यंत ते उघडलं नाही तर गेलं, असं एवारिस्तोनं नील्दाला वाटेत गाठून सांगितलं. ओरडून नाही, नेहमीच्या आवाजात सांगितलं, म्हणून तिला जास्त लागलं.

सेवेरिना सेल्सोकडं गेली. मागच्या वर्षी तिनं सेल्सोच्या घरी बटाट्याच्या काढणीला सावड केली होती. त्या घरची सावड अजून फिटायची होती.

"तायता," तिनं म्हाताऱ्याला मान देऊन म्हटलं, "माझी सावड फेडायची हाय ना तुमाला? तुमी आन् तुमचा पोरगा नांगर घेऊन या."

"कवा येऊ?"

"माझ्याकडं न्हाई. ओढ्यापलीकडं."

सेल्सोचे हात दोरी वळता वळता थांबले. "तुझ्या रानात बोलाव, आत्ता उठून येतो," तो म्हणाला. "त्याच्या रानात माझा पाय पडायचा न्हाई. माझ्या बैलांची नावं घेऊन मी अजून झोपेतनं उठतो, बाई."

ती परत आली. तिनं आढ्यावरून नवऱ्याचा पायनांगर खाली काढला. वाकडा लांब दांडा, खाली लोखंडी फाळ, पाय देऊन दाबायला आडवं लाकूड. चामड्याची वादी वाळून कडक झाली होती. तिनं ती पाण्यात भिजत घातली, पायाचं लाकूड सोडून आपल्या उंचीला खाली बांधलं. नांगर पुरुषांनी धरायचा आणि बायकांनी पुढं बसून उकरलेली ढेकळं पालथी घालायची, हीच त्या डोंगरातली रीत. बाईनं नांगर धरला तर आभाळ कोपतं म्हणतात.

सकाळी धुकं असतानाच ती रानात उतरली. फाळ टेकवायचा, डावा पाय लाकडावर द्यायचा, अंगाचं सगळं वजन त्याच्यावर उडी मारल्यासारखं सोडायचं, मग दांड्यावर मागं रेलून ढेकूळ उचकटायचं. गवताची मुळं तुटताना कापड फाटल्यासारखा आवाज होई. नील्दा गुडघ्यांवर बसून ते वजनदार ढेकूळ दोन्ही हातांनी पालथं घाली. सुली मातीतल्या पांढऱ्या अळ्या वेचून कोंबडीला घालत होती. सूर्य वर येईपर्यंत सेवेरिनाच्या जांघेत कळा उठल्या. तळपाय लाकडानं सोलून निघाला. नील्दाची नखं मुळाशी फाटली, तिनं ती तोंडात धरली, माती थुंकली आणि पुढच्या ढेकळाला हात घातला.

दोघींना बोलायला श्वास नव्हता.

वाटेनं बायका जात. सेल्सोची सून पाठीवर पोर बांधून थांबली आणि हाक मारून म्हणाली, "मावशे, मिशा कवा फुटणार?"

"तुझ्या नवऱ्याला फुटल्या की त्याच्या मागनं!" सेवेरिना दांड्यावर रेलूनच ओरडली. सोबतच्या बायका खिदळल्या. पण मदतीला कुणी खाली उतरलं नाही.

चौथ्या की पाचव्या दिवशी नील्दा म्हणाली, "मला द्या." पहिल्याच उडीला फाळ दगडावरून सरकला आणि तिच्या नडगीची साल निघाली. तिनं त्यावर थुंकी लावली. मग तिच्या लक्षात आलं की आपलं वजन कमी पडतं. ती दोन्ही पायांनी उडी मारू लागली. थोड्या वेळात फाळ सरळ जायला लागला.

ढेकळं पालथी घालत सेवेरिना तिच्याकडं बघत होती. "अगदी बापासारखा धरतीस," ती म्हणाली.

नील्दानं नांगर टाकून दिला. "मी न्हाई बापासारखी!"

"उचल तो."

"न्हाई मी त्याच्यासारखी. कशातच न्हाई."

"ऐक." सेवेरिनानं हातातली माती झटकली. "रुफिनोएवढी सरळ नांगरट या डोंगरात कुणाची नव्हती. माझा नवरा बांधावर उभा राहून बगायचा. नांगर धरायचा तर बापासारखाच धर. तेवढं चांगलं हुतं त्याच्यात, ते तुझ्याकडं आलंय. बाकीचं त्याचं त्याच्यापाशी."

नील्दानं पाठ फिरवून बाहीनं तोंड पुसलं. मग तिनं वाकून नांगर उचलला.

त्या आठवड्यात गारा पडल्या. दुपारी आभाळ शिशासारखं झालं आणि बघता बघता सगळा उतार पांढरा झाला. घेवडा झोडपला गेला, सातूची कणसं चिखलात लोळली. दुसऱ्या दिवशी एवारिस्तो गावातल्या दोघा जणांना घेऊन बांधावर आला.

"लोक बोलायला लागलेत, बाई," तो म्हणाला. "बाईनं नांगर धरला, त्यात चोराच्या रानात धरला. गारा उगाच न्हाई आल्या."

"माझा घेवडा जाऊन बग," सेवेरिना म्हणाली. चिखलानं तिचा घागरा गुडघ्यापर्यंत ताठ झाला होता. "एक शेंग धड ऱ्हायली असंल तर मी नांगर ठेवते. देवानं शिक्षा करायची ती केलीया माझ्या रानात, आता तुमची आनि कशाला?"

एवारिस्तोच्या सोबतचा एक जण हसला आणि मग गप्प झाला. एवारिस्तोनं रानाकडं पाहिलं. निम्म्याहून जास्त उघडलं होतं. त्यानं पावलांनी ते मोजलं, उलट येऊन पुन्हा मोजलं.

"उघडलं म्हणू या," तो म्हणाला. "पर दुसरं बी हाय. गावकीच्या कामाला घरटी एक माणूस लागतं. रुफिनोचं नाव आपण यादीतनं काढलंय. ज्या घरचं माणूस येत न्हाई, त्या घराला रान न्हाई. ऑगस्टात कालवा साफ करायचाय."

"मी येईन," नील्दा म्हणाली.

"तू पोर हायस."

"मी येईन."

एवारिस्तो बांध चढून गेला.

आईला भेटायला जायचं नाव काढलं की नील्दाला दुसरं काम आठवायचं. दोन वर्षांत ती एकदाही गेली नव्हती. सेवेरिनानं आग्रह केला नाही. बटाट्याची काढणी उरकल्यावर एका शनिवारी ती म्हणाली, "मी सुलीला घेऊन उद्या कुस्कोला चाललीया. कोंबडी कुणाकडं ठेवायची तेवढं बग." सकाळी ट्रकपाशी नील्दा धुतलेल्या केसांच्या वेण्या घालून उभी होती.

तुरुंगाबाहेर उन्हात बायकांची लांबलचक रांग होती. पहाऱ्यावरच्या बाईनं तिघींच्या दंडावर शिक्का मारला. आणलेल्या बटाट्यांत सळई खुपसून पाहिली. सुलीनं विचारलं, "बटाट्यानं काय केलंय?" तेव्हा पहाऱ्यावरची बाई हसली.

आतल्या फरसबंद चौकात बायका भिंतीला टेकून सुयांवर टोप्या विणत होत्या. ग्रेगोरिया उठून उभी राहिली. सुली तिच्या घागऱ्याला जाऊन बिलगली. पण ग्रेगोरियाची नजर सेवेरिनावर खिळली होती.

"तू?" ती म्हणाली. "साक्ष दिलीस त्यानं पोट भरलं न्हाई? आता पोरी बी घेतीस?"

आजूबाजूच्या सुया थांबल्या. सेवेरिनानं डोक्यावरची हॅट काढून हातात घेतली.

"पोरी तुझ्याच हायत. घेऊन आलीया, घेऊन जाणार हाय. पुढल्या म्हैन्यात परत आणीन."

"कशापायी?"

रात्री सेवेरिनानंही स्वतःला हाच प्रश्न अनेकदा विचारला होता. "घर जवळ हाय," ती म्हणाली.

"आन् साक्ष?"

"साक्ष खरी हुती, ग्रेगोरिया."

ग्रेगोरिया काहीतरी ओरडणार असं वाटलं. पण ती हळूच खाली बसली. "व्हय," ती म्हणाली. "खरीच हुती."

"आमी आपलं रान उघडलं," सुलीनं सांगून टाकलं. नील्दा दोघींच्या मध्ये उभी होती. पुढं जावं की मागं सरावं, तिला कळत नव्हतं. ग्रेगोरियानं सुलीच्या केसांतून हात फिरवत विचारलं, "रान कुठनं उघडलं?"

"ओढ्याच्या बाजूनं," नील्दा म्हणाली. आईशी ती दोन वर्षांत बोललेला पहिला शब्द.

"वरच्या कोपऱ्यात पाणी झिरपतं. तिथं बटाटा लावू नको, कुजंल. ओका लाव, त्यो कंद तग धरतो."

"ते मला मावशीनं सांगितलं."

"कोण मावशी?"

नील्दानं हनुवटीनं सेवेरिनाकडं दाखवलं. ग्रेगोरियानं ते पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं आणि पोरीचे हात ओढून घेतले. तळव्यावर घट्टे होते, नखं तुटून वाकडी आलेली, बोटांच्या चिरांत काळी माती बसलेली, धुऊनही न गेलेली. ग्रेगोरियानं त्यांच्या शेजारी आपले हात धरले. दोन वर्षांत त्या हातांना मातीचा स्पर्श नव्हता. ते फिकट झाले होते, मऊ झाले होते, शहरातल्या बाईच्या हातांसारखे.

"बग," ती म्हणाली. "बग माझं काय झालं."

तिनं ते हात घाईघाईनं घागऱ्यात लपवले, आणि मग नील्दा खाली बसून आईच्या मांडीत डोकं घालून रडली. सेवेरिना उठली आणि चौकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन नळाकडं बघत उभी राहिली. निघताना ग्रेगोरियानं तिला विणलेली एक लहान टोपी दिली. "सुलीला," ती म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "पुढल्या म्हैन्यात येतीस ना?"

"सांगितलं न्हाई का."

परतीच्या ट्रकमध्ये मेंढ्या होत्या, पोती होती. सुली एका पोत्यावर झोपली. नील्दा बऱ्याच वेळानं म्हणाली, "आईचे हात सायीगत झालेत, मावशी." सेवेरिनानं आपल्या शालीचं एक टोक तिच्या खांद्यावर टाकलं. दुसरं काही केलं नाही.

ऑगस्टात, तिथल्या थंडीत, पहाटेचं गवत गोठून काचेसारखं कडक होतं. कालवा साफ करायच्या दिवशी सगळं गाव फावडी, पहारी घेऊन वरच्या खडकापाशी जमलं. एवारिस्तो यादी वाचू लागला; यादीतला कुणी उशिरा आला की त्याला दंड बसे. नील्दा सगळ्यांत शेवटी धापा टाकत आली; सुलीला पेज पाजून शेजारी ठेवून यायला तिला वेळ लागला होता. तिच्या हातात बापाचं फावडं होतं, दांडा तिच्या डोक्याच्या वर जाणारा.

नावं संपली. तिचं नाव आलं नाही.

सेवेरिनानं "हजर" म्हटलं होतं. आता तिची जीभ वळवळली. एक शब्द टाकला असता तर भांडण झालं असतं. भांडणात तिचा हात कुणी धरू शकलं नसतं. पण मग नील्दा तिच्या भांडणामागं उभी राहिलेली पोर झाली असती. तिनं दातांवर दात दाबले आणि कालव्यात उतरली.

पाणी बर्फातून आलेलं. घोट्याला लागलं की हाड दुखायचं. गाळ, शेवाळ, वरून घरंगळलेले धोंडे. पुरुषांनी खडकाखालचा टप्पा सोडून दिला होता. तिथं ऊन येत नाही आणि गाळ गुडघाभर साचतो. नील्दा न विचारता तिथं उतरली. दांडा लांब म्हणून तिनं तो मध्यावर धरला होता, आणि प्रत्येक वेळी त्याचं टोक तिच्या काखेत घुसत होतं. तिचे पाय आधी लाल झाले, मग पांढरे पडले. कुणी तिच्याशी बोललं नाही. पण काही वेळानं दोघे-तिघे फावडी थांबवून थांबवून तिकडं बघू लागले.

दुपारी बायकांनी आपापल्या शाली जोडून अंथरल्या आणि प्रत्येकीनं घरून आणलेलं त्यावर ओतलं: उकडलेले बटाटे, घेवडा, चीज, भाजलेला मका. सगळ्यांनी भोवती बसून सगळ्यांचं खायचं, अशी रीत. नील्दा कडेला आली. तिनं फडक्यातले बटाटे शालीच्या एका टोकाला ठेवले आणि मागं सरून उकिडवी बसली. त्या ढिगाच्या भोवतीचे हात दुसरीकडं वळले. सेवेरिनाच्या समोरच तो ढीग होता. तिनं त्यातला बटाटा घेतला असता तर त्याचं कुणालाच काही वाटलं नसतं; ती तर पोरीच्या बाजूचीच. म्हणूनच तिनं घेतला नाही. ती मका चावत राहिली.

सेल्सोचा काळा, सुरकुतलेला हात पुढं आला. त्यानं नील्दाचा एक बटाटा उचलला, अंगठ्यानं साल काढली, पुढचे दात नसल्यानं तो बाजूच्या दातांनी चावला. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते.

"कुठला ह्यो?" त्यानं विचारलं.

"सेवेरिना मावशीच्या रानातला," नील्दा म्हणाली. "काढणीला गेले हुते, त्याचे मिळाले."

"जरा उकडायला पायजे हुता अजून," म्हातारा म्हणाला आणि दुसरा उचलला. मग त्याच्या सुनेनं एक घेतला. बोलणं पुन्हा सुरू झालं.

ऊन कलल्यावर वरचं कालव्याचं दार उघडलं. पाणी गाळ ढवळत, पालापाचोळा लोटत खाली आलं, आणि माणसं काठाकाठानं त्याच्यासोबत चालू लागली. घरी जायच्या वेळी एवारिस्तो सगळ्यांना ओरडून सांगत होता, उद्या खालचा टप्पा, उजाडताना. नील्दापाशी येऊन तो थांबला. यादी त्याच्या खिशात होती, त्यानं ती काढली नाही.

"ए नील्दा," तो म्हणाला. "आज उशीर केलास. उद्या केलास तर दंड बसंल. सगळ्यांवानी."

ओढ्यापर्यंत दोघी चालत आल्या. सेवेरिनाच्या कंबरेत कळ होती, ती जरा तिरकी चालत होती. उतारापाशी नील्दा थांबली. तिचे दात थंडीनं वाजत होते. फावडं तिनं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"मावशी, ऐकलंस का? मला दंड करणार म्हणले."

"ऐकलं."

"सगळ्यांवानी म्हणले."

"मग जेवून लौकर झोप," सेवेरिना म्हणाली आणि दगडावरून दगडावर पाय टाकत आपल्या बाजूला निघाली. पलीकडं पोचल्यावर तिनं वळून हाक मारली, "आन् उठवायला मी येणार न्हाई!"